सेनापती कोणाला म्हणावे?

माणसाला पदवी मिळणे ही नेहमीची गोष्ट आहे. पण एका अख्ख्या मुलखाचे नाव पदवीवरून पडावे, हे क्वचितच घडते. आमच्या खानदेशाच्या बाबतीत तसे घडले, असे निदान एक मत आहे. तापीकाठच्या थाळनेरची जहागीर फिरोजशाह तुघलकाने १३७० च्या सुमारास मलिक राजा या सरदाराला दिली. त्याचा मुलगा नासीर. या नासीरला गुजरातचा सुलतान अहमदशाह याने ‘खान’ ही पदवी दिली आणि खानाचा देश तो खानदेश झाला, अशी उपपत्ती जुन्या गॅझेटिअरात नोंदलेली आहे. कान्हाचा देश म्हणून कान्हदेश, असे मानणारेही आहेत. तो वाद विद्वानांवर सोपवू. मौज पुढेच आहे. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि राजपुत्र दानियालच्या नावावरून या मुलखाचे ‘दानदेश’ असे नवे बारसे केले. बादशाहाने घातलेले नाव; त्यामागे तोफखाना, खजिना, फर्माने सारे होते. पण ते नाव दप्तरातच राहिले. शेतात, बाजारात, जात्यावर कोणी दानदेश म्हटले नाही. पदवी कोणीही देऊ शकतो, ती चालवायची की नाही हे लोक ठरवतात, एवढे तरी यातून दिसते.

हे आठवायचे कारण म्हणजे आमच्याकडचे रस्ते. जळगावहून धुळ्याकडे निघावे, एरंडोल, पारोळा अशी गावे मागे टाकावीत आणि चौकाचौकातले फलक वाचत जावे. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचे नुसतेच अभिनंदन. प्रत्येक फलकावर एक सरदार, एक सेनापती, एक सरसेनापती हात जोडून उभा. लग्नपत्रिकेतल्या आबासाहेब, नानासाहेब, आप्पासाहेबांबद्दल माझी तक्रार नाही. त्यात नाते आहे, माया आहे, आणि आहेर कोणाचा किती येणार याचा थोडाफार अंदाजही आहे. पण सैन्यातला हुद्दा ही वेगळी वस्तू आहे. त्या शब्दामागे कोणी तरी माणसे मरणाच्या तोंडी नेलेली असतात आणि त्यांचा जाब देण्याचे कबूल केलेले असते. हा जाब ज्याला द्यावा लागत नाही, त्याने तो शब्द वापरू नये, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे.

आपल्या राज्यघटनेने हा भेद फार नेमका केला आहे. अठराव्या अनुच्छेदाने सरकारला पदव्या देण्याची मनाई केली. रावसाहेब, रावबहादूर, सर हे सगळे इंग्रजांबरोबर गेले. अपवाद दोनच ठेवले, सैनिकी आणि विद्येचे. सुभेदार, मेजर, कर्नल म्हणता येईल. डॉक्टर, प्राध्यापक म्हणता येईल. कारण या दोन्हींत आधी काही करून दाखवावे लागते. पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या आगेमागे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये सांगितले. निकालाला कित्येक वर्षे उलटली, तरी सत्काराच्या पत्रिका छापणाऱ्यांना त्याची खबर नाही, हा भाग निराळा.

हुद्दा आणि काम यांची गाठ किती पक्की असावी, हे पाहायला शिवाजी महाराजांच्या लष्कराकडे जावे लागते. सभासदाच्या बखरीत त्याची मांडणी आहे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. मी आयुष्यभर बँकेत आकडे तपासले, त्यामुळे हा हिशेब करून पाहिल्याशिवाय राहवले नाही. पंचवीस पाचे सव्वाशे, त्याचे दहापट साडेबाराशे. म्हणजे ज्याला ‘हजारी’ म्हणायचे त्याच्या हाताखाली प्रत्यक्षात साडेबाराशे स्वार! नावापेक्षा काम जास्त. पगारही ठरलेला, जुमलेदाराला वर्षाला पाचशे होन, हजारीला हजार, पंचहजारीला दोन हजार.

मोगलांकडेही पंचहजारी होतेच. पण तिथे मनसबीचे दोन आकडे असत. ‘जात’ हा माणसाच्या मानाचा आकडा आणि ‘सवार’ हा त्याने बाळगायच्या घोडेस्वारांचा. दोन्ही जुळलेच पाहिजेत असे नव्हते. एकाच माणसाच्या नावापुढे मान वेगळा आणि काम वेगळे, असे हे दोन रकान्यांचे खाते. १२ मे १६६६ रोजी आग्ऱ्याच्या दरबारात महाराजांना उभे केले ते पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत. तीच मनसब त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला, संभाजीराजांना आधीच मिळालेली होती आणि महाराजांना सोडून गेलेल्या नेताजी पालकरांनाही मिळाली होती. महाराज दरबारात संतापले, त्याचे वर्णन आपण शाळेत वाचलेले असते. त्या संतापात मानापमान होताच. पण स्वतःच्या राज्यात हजाऱ्याकडून साडेबाराशे स्वारांचे काम घेणाऱ्या माणसाला ती आकड्यांची आरास पोकळ वाटली असेल, असेही मला वाटते.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी पदांची फारसी नावे बदलली. पेशव्यांना पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव आणि सरनोबताला सेनापती. आज ‘सेनापती’ शब्द जो आपल्या तोंडी आहे, त्यामागे ही घडामोड आहे. पण नाव बदलण्याआधीच त्या पदाची किंमत एका माणसाने चुकती केलेली होती. कडतोजी गुजर यांना महाराजांनी ‘प्रतापराव’ केले. फेब्रुवारी १६७२ मध्ये बागलाणात, म्हणजे आमच्या खानदेशाच्या उंबरठ्यावर, साल्हेरला मोगलांशी उघड्या मैदानात लढाई झाली. ती जिंकली प्रतापराव आणि मोरोपंत पिंगळे यांनी. पुढच्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापरावांनी सोडून दिले. महाराजांनी त्याचा जाब विचारला. साल्हेरचा विजय पुढे करून प्रतापरावांना गप्प बसता आले असते. ते बसले नाहीत. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत अवघे सहा स्वार घेऊन ते शत्रूवर गेले आणि सातही जण पडले. सेनापतीने असे जाणे लष्करी दृष्टीने शहाणपणाचे नव्हते, हे मान्य. पण सरनोबतालाही जाब विचारला जातो आणि तो जाब त्याला लागतो, ही त्या राज्याची रीत होती. प्रतापरावांच्या जागी हंसाजी मोहिते आले, तेच हंबीरराव. १६८१ च्या आरंभी त्यांनी बऱ्हाणपूरवर धडक मारली, तेव्हा ‘हंबीरराव’ म्हणजे काय हे आमच्या मुलखानेही पाहिले.

मग हे बिघडले कुठे? माझ्या मते जिंजीला. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा अर्धाअधिक मुलूख औरंगजेबाच्या फौजेखाली होता आणि तिजोरी रिकामी होती. लढणारे तर टिकवायचे होते. रोख पगार देता येत नव्हता म्हणून वतने, सरंजाम आणि किताब देण्यात आले. संताजी घोरपडे ‘ममलकतमदार’, बहिर्जी ‘हिंदुराव’, मालोजी ‘अमीर-उल-उमराव’, विठोजी चव्हाण ‘हिंमतबहादूर’. या मंडळींनी जिवावर उदार होऊन ते किताब कमावले होते, त्यात तिळमात्र शंका नाही. त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे तारणाशिवाय छापलेले चलन होते. पहिल्या धन्याच्या हाती त्याची पूर्ण किंमत होती. मुलाच्या हाती निम्मी, नातवाच्या हाती नुसता कागद. वतनाबरोबर किताबही वारसाहक्काने उतरू लागला आणि काम मात्र कुणाच्याच रक्तातून उतरत नसते.

दाभाड्यांच्या घराण्याची गोष्ट याचा दाखला आहे. खंडेराव दाभाडे यांनी सुरत-बऱ्हाणपूर रस्त्यावर आपली ठाणी बसवून मोगलांना जेरीस आणले होते. त्यांच्यावर पाठवलेला झुल्फिकार बेग खानदेशात आपल्या फौजेसह मारला गेला. १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापती केले, ते या कर्तबगारीवर. १७२९ मध्ये ते वारले. सेनापतिपद मुलाकडे, त्रिंबकरावांकडे गेले. एप्रिल १७३१ मध्ये डभईला पेशवे बाजीराव आणि सेनापती दाभाडे हे एकाच छत्रपतींचे दोन अधिकारी एकमेकांवर चालून गेले आणि त्रिंबकराव गोळी लागून पडले. पद मग धाकट्या भावाला, यशवंतरावांना मिळाले. ते वयाने लहान. शिक्का सेनापतीचा, पण फौज आणि कारभार सांभाळला तो त्यांच्या आईने, उमाबाईंनी. या मूळच्या कळवणजवळच्या अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. सप्तशृंगीच्या डोंगराच्या पायऱ्या त्यांनी बांधल्या, हे आमच्याकडच्या यात्रेकरूंना माहीत असते. नवरा गेला, एक मुलगा गेला, तरी १७५३ साली मरेपर्यंत त्या खचल्या नाहीत. सनदेवर सेनापती म्हणून नाव होते मुलाचे. सेनापती कोण होते, ते वाचकांनीच ठरवावे.

याच घराण्याच्या हाताखालचे पिलाजी गायकवाड. त्यांना ‘सेनाखासखेल’ किताब मिळाला आणि तो बडोद्याच्या गादीला चिकटून विसाव्या शतकापर्यंत आला. मालेगावजवळच्या कवळाणे गावातला एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली त्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव महाराज. सेनाखासखेल, समशेर बहादूर, शिवाय इंग्रजांनी दिलेली लांबलचक फारसी बिरुदे त्यांच्या नावाला होती. त्यांतले एक तरी आज कोणाला पाठ आहे? १९०६ साली त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, गावोगाव वाचनालये काढली, हे मात्र आठवते. समशेर त्यांना चालवावी लागली नाही. लोकांनी त्यांना मोठेपण दिले ते पाटी-पेन्सिलीवर.

शब्दांचीही अशीच घसरण होत असते. मल्हारराव होळकर माळव्याचे ‘सुभेदार’ होते, म्हणजे एका प्रांताचे धनी. आज सुभेदार हा सैन्यातला ज्युनियर कमिशन्ड अधिकारी असतो. महाराजांच्या गडावर हवालदार हा मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक होता, किल्ल्यांच्या कुलपाच्या चाव्या त्याच्याकडे. आज हवालदार म्हटले की आपल्याला चौकातला पोलीस आठवतो. ‘जमादार’ हा तर सैन्यातला चांगला हुद्दा. पण बाहेर तो शब्द इतका खाली आला की १९६५ साली सैन्याने तो बदलून ‘नायब सुभेदार’ केला. सरनोबत, हजारी, किल्लेदार ही आता आडनावे झाली. कोणत्याही शब्दाला सिंहासन कायमचे मिळत नाही. मग शब्दासाठी एवढी ओढाताण कशाला?

उलट, लहानसा हुद्दाही माणूस कसा मोठा करतो, हे पाहायला पुन्हा थाळनेरलाच यावे. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी तापीकाठचा हा किल्ला इंग्रजांना देऊन टाकला. फेब्रुवारीच्या अखेरीस जनरल हिस्लॉप फौज घेऊन आला. किल्लेदार होते तुळशीराम मामा. धन्याने सही केली होती, म्हणजे किल्लेदाराची नोकरी कागदावर संपली होती. तरी किल्ल्यातून गोळीबार झाला. दरवाजात इंग्रजांचे अधिकारी मारले गेले. मग शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला बुरुजावर फाशी देण्यात आले. हिस्लॉपच्या छातीवर पदके वाढली असतील. पण १८१९ साली ब्रिटिश पार्लमेंटात त्या मोहिमेबद्दल आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरची ही फाशी त्यातून वगळावी लागली. किल्लेदार हा काही फार मोठा हुद्दा नव्हे. ज्या गावात ‘खान’ पदवीचे मालक मकबऱ्यांत निजले आहेत, त्याच गावात या किल्लेदाराने आपल्या हुद्द्याचा अर्थ सांगितला.

असाच दुसरा शब्द ‘नाईक’. सातपुड्यात भिल्लांच्या टोळीच्या प्रमुखाला नाईक म्हणत. इंग्रजांनी १८२५ साली आउट्रामच्या हाताखाली भिल्लांची पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावला होते. सरकारी फौजेतही नाईक हा हुद्दा होताच. म्हणजे शब्द एक आणि देणारे दोन, आपली माणसे आणि सरकार. खाज्या नाईक सेंधवा घाटाच्या रखवालीवर सरकारी नोकरीत होता. १८५७ साली त्याला ठरवावे लागले की आपण कोणाचे नाईक. तो आपल्या माणसांचा नाईक झाला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली आणि तिथे पडलेल्यांच्या आठवणी सातपुड्यात अजून निघतात. सरकारी दप्तरात त्याला बंडखोर म्हटले आहे. डोंगरात तो नाईकच आहे.

हा सारा प्रकार आपल्यापुरताच आहे असे समजू नये. समुद्रापलीकडे मलय लोकांत आपलेच काही शब्द जाऊन बसले आहेत. त्यांच्या भाषेत आरमाराच्या प्रमुखाला ‘लक्ष्मणा’ म्हणतात. आपल्या रामायणातला लक्ष्मण तो हाच. आजही मलेशिया आणि इंडोनेशियाच्या नौदलात ॲडमिरलच्या हुद्द्याला हाच शब्द आहे. जावात सोळाव्या शतकाच्या अखेरीस मातरमचे राज्य उभारणाऱ्या पुरुषाचे नावच सेनापती. मलाक्काच्या सुलतानाचा लक्ष्मणा हांग तुआह हा तिथल्या कथांचा नायक. चहाडीवर विश्वास ठेवून सुलतानाने त्याला मारण्याचा हुकूम दिला, प्रधानाने त्याला लपवले. मित्रावर झालेल्या अन्यायाने हांग जेबात चिडला आणि सुलतानाविरुद्ध उठला. मग लपवलेल्या हांग तुआहला बाहेर काढले गेले आणि त्याने हुकूम मानून आपल्या त्याच मित्राला मारले. खरा वीर कोण, निष्ठावंत लक्ष्मणा की न्यायासाठी उठलेला जेबात, यावर तिकडे आजही वाद होतात. हुद्द्याची निष्ठा राजाशी असावी की न्यायाशी, हा प्रश्न खाज्या नाईकापुढे होता तोच.

त्यांच्याकडे ‘दातुक’ ही मोठी मानाची पदवी आहे आणि त्या शब्दाचा साधा अर्थ आजोबा! म्हणजे आमचे ‘आबासाहेब’च. फरक इतका की तिथे ती राज्याकडून रीतसर मिळते. सेनाधिकाऱ्याच्या नावात आधी लष्करी हुद्दा, मग सुलतानांनी किंवा राजाने दिलेल्या पदव्यांची माळ आणि शेवटी आईबापांनी ठेवलेले नाव येते. २००८ साली मलाक्का राज्याने शाहरुख खानलाही दातुक केले. हौसेला मोल नाही. पण तिथेही हुद्दा आणि किताब ही दोन वेगळी खाती आहेत. निवृत्तीनंतर हुद्द्याला ‘निवृत्त’ अशी खूण जोडतात, दातुक तसाच चालतो. आपल्या घटनेने दुसरे खाते बंद केले, ते किती शहाणपणाचे होते हे अशा वेळी कळते.

सरकार देत नाही म्हणून लोक देत नाहीत असे नाही. लोकांनी दिलेली पदवी कधी कधी राजाच्या सनदेहून भारी असते. पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांनी मुळशीच्या धरणग्रस्त शेतकऱ्यांसाठी १९२१ पासून सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला आणि लोकांनी त्यांना ‘सेनापती’ केले. हाती फौज नाही, अंगावर गणवेश नाही. पण मावळातल्या शेतकऱ्यांच्या पुढे ते उभे राहिले आणि परिणाम स्वतःच्या अंगावर घेतले. धुळ्यात १९२६ साली ज्यांनी देह ठेवला त्या वि. का. राजवाडे यांना कोणत्या सरकारने ‘इतिहासाचार्य’ केले? गावोगाव पायपीट करून त्यांनी सरदार-पाटलांच्या माळ्यावरची दप्तरे वाळवीच्या तोंडून काढली. कोण कधी सेनापती झाला आणि कोणाची सनद खरी, हे आज आपण सांगू शकतो ते अशा पायपिटीमुळे.

आणि सर्वोच्च सेनापतीची गोष्ट तर आमच्या जळगावचीच आहे. घटनेप्रमाणे सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असते. २००७ ते २०१२ ही पाच वर्षे ते जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या, जळगावातच शिकलेल्या आणि १९६२ साली तिथूनच पहिल्यांदा आमदार झालेल्या प्रतिभाताई पाटील यांच्याकडे होते. तेव्हा स्त्रीला ‘राष्ट्रपती’ कसे म्हणायचे, यावर वर्तमानपत्रांत बरीच करमणूक झाली. उमाबाई दाभाडे वाचल्या असत्या तर हसल्या असत्या. नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रतिभाताईंनी सुखोई विमानातून उड्डाण केले. जमीनजुमला, वतन, किताब काही न ठेवता २०१२ साली त्या पदावरून उतरल्या. लोकशाहीत सर्वांत मोठा सेनापती असा असतो. पद आहे तोवर तिन्ही दलांचे प्रमुख सलाम करतात. मुदत संपली की तो नागरिक.

बँकेत असताना दर नोव्हेंबरात माझ्या टेबलापुढे निवृत्त सैनिकांची रांग असे. पेन्शन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. खेड्यात सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात. मग तो शिपाई असो की सुभेदार. एका तालुक्याच्या शाखेत असेच एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, पण पाठीचा कणा ताठ. मी अर्ज भरत होतो. “मेजर, हुद्दा काय लिहू?” मी विचारले. ते म्हणाले, “नायक लिहा, साहेब. मेजर मी गावात.” त्यांच्या बोलण्यात विनय दाखवण्याचा प्रयत्न नव्हता आणि खंतही नव्हती. जितके केले तितके लिहा, एवढाच हिशेब. बाहेरच्या भिंतीवर त्या वेळी कोणत्या तरी ‘सेनापतीं’च्या स्वागताचे पत्रक चिकटवलेले होते.

आज हा विषय पुन्हा निघण्याला निमित्त आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणला नौदल दिन साजरा झाला, तेव्हा नौदलातल्या हुद्द्यांची नावे भारतीय परंपरेप्रमाणे ठेवण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. त्याच महिन्यात ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या चिन्हांत महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेचा आकार आला. मराठी माणसाला याचा आनंद होणे साहजिक आहे, मलाही झाला. तरी एक गंमत सांगतो. ‘ॲडमिरल’ हा शब्द मुळात अरबी ‘अमीर’वरून आलेला, जिंजीला मालोजी घोरपड्यांना मिळालेल्या ‘अमीर-उल-उमराव’मधला अमीर तो हाच. तेव्हा कोणता शब्द आपला आणि कोणता परका, हे शोधत बसलो तर हाती फारसे लागणार नाही. कान्होजी आंग्र्यांना ‘सरखेल’ म्हणत. तोही शब्द परभाषेतलाच. कोकण किनाऱ्यावर त्याला धाक होता तो त्यांच्या गलबतांमुळे. खांद्यावर राजमुद्रा आली, तर तिच्याबरोबर साडेबाराशे स्वारांचा हिशेब आणि उमराणीनंतरचा जाबही आला पाहिजे.

दुसरा शब्द ‘अग्निवीर’. पहाटे पाच वाजता आमच्याकडच्या कोणत्याही गावाबाहेर जा, भरतीसाठी पळणारी पोरे दिसतील. पायात झिजलेले बूट, हातात घड्याळ. २०२२ च्या योजनेप्रमाणे त्यांची सेवा चार वर्षांची. त्यांतल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याला पुढे कायम करायचे, बाकीच्यांनी ठरलेली रक्कम घेऊन घरी यायचे, पेन्शन नाही. सैन्य तरुण असावे, खर्चाचा मेळ बसावा, या कारणांवर मी इथे वाद घालत नाही. पण ‘वीर’ हा शब्द आपण त्या मुलाला विशीच्या आतबाहेर, सेवेच्या पहिल्याच दिवशी देतो. जिंजीला किताब आधी पराक्रमाला मिळत आणि मग पोकळ होत. इथे शब्द आधी दिला आहे. त्याचे तारण आपल्याला पुढे भरायचे आहे. परत आलेल्या त्या पोराला गावात काम, कर्ज आणि उभे राहायला जागा मिळाली, तर शब्द खरा. नाही तर रिकाम्या तिजोरीतून दिलेला तो आणखी एक किताब ठरेल.

कोणी म्हणेल, घराण्याच्या पदव्या जपल्या म्हणूनच इतिहास जिवंत राहिला. त्यांचा अभिमान वाटण्यात गैर काय? काहीच नाही. मोहिते, दाभाडे, घोरपडे, आंग्रे या नावांनी ऊर भरून यावा असेच त्यांचे काम आहे. अभिमान पूर्वजाच्या कामाचा असेल तर तो सनद नीट जपतो, देवळाच्या पायऱ्या दुरुस्त करतो, दप्तर अभ्यासकाला वाचायला देतो. तो अभिमान मला मान्य आहे. पण पूर्वजाचा हुद्दा आपल्या नावापुढे लावून टोलनाक्यावर रांग मोडणे, याला अभिमान म्हणत नाहीत.

महाराष्ट्रात काही गावांच्या वेशीवर पहिल्या महायुद्धाच्या शिळा आहेत. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांतले इतके मेले, असे त्यांवर कोरलेले आहे. नाव एकाचेही नाही, हुद्दाही नाही, नुसते आकडे. परक्या सरकारने तेवढ्यावर काम भागवले. आपण तसे करायचे कारण नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या भिंतीवर एक साधा फळा लावावा. गावातून सैन्यात कोण गेले, कोणत्या पलटणीत, किती वर्षे, कोणत्या हुद्द्यावर. परत आले की नाही. अग्निवीरांची नावेही त्यात यावीत, चार वर्षांची असली तरी. शिपायाला शिपाई लिहावे, नायकाला नायक. मेजर लिहिण्याची गरज नाही, त्यांनाच ते आवडणार नाही. खर्च म्हणाल तर वाढदिवसाच्या एका फलकाइतका. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला आलेल्या मुलांना तो फळा वाचता येईल आणि कोणाला काय म्हणायचे, हे त्यांना आपोआप समजेल.